बसऱ्याला गेला, परत आला नाही

नौपाड्यात सध्या जुन्या इमारती एकामागून एक खाली होतायत. रिडेव्हलपमेंट! सामान हलवताना माळ्यावरची लोखंडी ट्रंक निघते आणि भंगारवाला खाली उभाच असतो. त्या ट्रंकेत एखादा काळा पडलेला बिल्ला सापडला, तर मंडळी, जरा थांबा.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ गाव रायगड, रत्नागिरी, नाहीतर साताऱ्याकडचं. तिथून मराठा पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या भरती झाली. आमच्या घरात पणजोबांच्या धाकट्या भावाबद्दल एकच वाक्य चालत आलं होतं : ‘बसऱ्याला गेला, परत आला नाही.’

बसरा म्हणजे आजचा इराक. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी तुर्कांविरुद्ध तिथे फौज उतरवली. त्यात पुण्याची सहावी डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. डिसेंबर १९१५मध्ये ही फौज टायग्रिसकाठी कूत गावात वेढली गेली. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ला शरणागती पत्करावी लागली. पुढे कैदेत, वाळवंटातून पायी नेताना, हजारो शिपाई गेले.

१९२९मध्ये बसऱ्याला स्मारक झालं, चाळीस हजारांहून अधिक मृतांचं. गोऱ्या शिपायांची नावं त्यावर कोरली. आपल्याकडच्या फक्त अधिकाऱ्यांची नावं आली. साध्या शिपायांचा, पलटणीच्या नावाखाली, नुसता आकडा! आपल्या गावांतल्या संगमरवरी पाट्या आठवा. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले. तिथेही आकडाच.

हे चुकलं, असं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१च्या अहवालात कबूल केलं आणि ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये माफी मागितली. तोवर शंभर वर्षं उलटली होती.

‘इंग्रजांसाठी लढले, त्यांचं काय कौतुक?’ असं काही जण म्हणतात. प्रश्न रास्त आहे. पण कोरडवाहू तुकड्यावर घर चालत नव्हतं म्हणून पोरं भरती झाली. त्यांची आठवण काढली म्हणजे साम्राज्याची आरती होत नाही. घरातलं माणूस घरातलंच असतं.

नाव जपलं की काय होतं, ते माणगावात जाऊन बघा. नाईक यशवंत घाडगे त्याच तालुक्यातले. १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मशिनगनच्या माऱ्यात त्यांचे सगळे साथीदार पडले. हा गडी एकटा धावून गेला, ग्रेनेड टाकून मशिनगन बंद पाडली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून तिनेच शेवटच्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानेही त्यांचं स्मारक उभारलं. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक गेले. बाकीच्यांची नावं कोण घेणार?

म्हणून तीन गोष्टी करा.

एक, बिल्ल्याची कड भिंगातून बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असे. दुसऱ्या महायुद्धातही भारतीयांच्या पदकांवर नाव घालत. पहिल्या युद्धाचं पदक चांदीऐवजी काशाचं निघालं, तर तो माणूस बहुधा हमाल, मजूर किंवा खेचरवाला असेल. त्याचीही किंमत तेवढीच.

दोन, युद्धात गेलेल्यांची यादी त्या कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येते. स्पेलिंग उलटसुलट करून बघा आणि रायगडऐवजी कुलाबा टाका, तेव्हा जिल्ह्याचं नाव तेच होतं. आम्हाला तिथे नंबर सापडला, बापाचं नाव सापडलं, गावही सापडलं.

तीन, जे जिवंत परत आले ते या यादीत नसतात. त्यांच्यासाठी पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, जुना फोटो हाच पुरावा. आजी-आजोबा आहेत तोवर विचारून, फोटोमागे नाव लिहून ठेवा.

पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांची मानतात. त्या दिवशी पान वाढताना नाव घ्यावं लागतं, आकडा सांगून चालत नाही. तुमच्या घरातलं नाव, गाव आणि पलटण ठाऊक असेल, तर इथे खाली जरूर लिहा.