जुनी उंची घड्याळे : खरेदी-विक्री

एकदा वापरात येऊन गेलेल्या आणि किंमत टिकवून असलेल्या मनगटी किंवा खिशातल्या घड्याळांचा व्यवहार. त्यात दोन तऱ्हेचा माल येतो. रोलेक्स, ओमेगा, पाटेक फिलीप, कार्तिए अशी मुळातच महाग घड्याळे ही पहिली तऱ्हा. त्यांचा व्यापार मोठ्या शहरांतली दुकाने, लिलावगृहे आणि इंटरनेटवरून चालतो. दुसरी तऱ्हा घरोघरच्या कपाटांतून निघते : वेस्ट एंड, फेवर ल्यूबा, रोमर, टिटोनी, कॅमी, सिको आणि एचएमटी. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, मारेगाव, झरी या भागातून बाजारात येणारा माल बहुतांशी या दुसऱ्या तऱ्हेचा असतो. लग्नात जावयाला दिलेले, निवृत्तीच्या दिवशी सत्कारात मिळालेले, वडिलांच्या मागे डब्यात राहिलेले घड्याळ. मालकाला त्याची किंमत ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला ती नेमकी ठाऊक असते. या व्यवहाराची खरी जोखीम या तफावतीत आहे.

नकली घड्याळाची भीती सर्वांनाच असते. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकली जाणारी रोलेक्स ओळखणे पुष्कळदा सोपेही असते. जुन्या घड्याळांच्या बाबतीत मोठे नुकसान होते ते खऱ्या घड्याळाला नवे रूप दिल्याने. मूळ तबकडी, मूळ काटे, न घासलेली केस यांनाच संग्राहक पैसे मोजतो. डाग पडलेली पण मूळची तबकडी नव्याने रंगवलेल्या चकचकीत तबकडीपेक्षा केव्हाही मोलाची. घड्याळ विकायचे ठरले की आधी ते पॉलिश करून आणण्याची आपल्याकडची सवय म्हणून घातक आहे.

पार्श्वभूमी : भारतात घड्याळांचा आधुनिक व्यापार मुंबई आणि कोलकात्यातून वाढला. वेस्ट एंड वॉच कंपनीची स्थापना १८८६ची. स्विस बनावटीची, पण भारतीय गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून केलेली ‘सोवार प्रिमा’सारखी तिची घड्याळे फौजेतल्या माणसांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांनी वापरली. १७३७ पासूनची परंपरा सांगणारी फेवर ल्यूबा एकोणिसाव्या शतकातच भारतात आली आणि तिचे ‘सी किंग’ मध्यमवर्गाच्या मनगटावर स्थिरावले. बंगळूरला सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. रोज चावी द्यावी लागणारी तिची ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ ही घड्याळे पुढे खेड्यापाड्यांत पोचली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांचा जोर वाढवला. एचएमटी वॉचेस बंद करण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून तिच्या चावीच्या घड्याळांना संग्राहकांची नव्याने मागणी आली.

साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी घड्याळांची आयात बंधनात होती. सोने, ट्रान्झिस्टर आणि मनगटी घड्याळे हा मुंबईच्या किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने उतरणारा नेहमीचा माल होता. त्या काळातल्या कित्येक स्विस आणि जपानी घड्याळांचे बिल कधी अस्तित्वातच नव्हते. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या घड्याळाला कागद नाहीत एवढ्यावरून ते नकली ठरत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये मात्र सोन्याबरोबर घड्याळांचाही नावानिशी उल्लेख आहे. तस्करीचा माल असल्याच्या वाजवी समजुतीने घड्याळ जप्त झाले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडून ते जप्त झाले त्याच्यावर आणि मालकी सांगणाऱ्यावर पडतो. अलीकडच्या महाग परदेशी घड्याळाचे भारतातले बिल किंवा सीमाशुल्क भरल्याची पावती मागायची, ती यासाठी.

मुंबई स्पेशल : जगभरच्या संग्राहकांनी मुंबईच्या नावावर चढवलेली ही संज्ञा आहे. मुंबईतल्या छोट्या कारखान्यांत जुन्या घड्याळाचे मशीन साफ करून, तबकडी नव्याने छापून, हाताला लागतील ते काटे, काच आणि चावी बसवून जे घड्याळ तयार होते त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. गर्द निळ्या, नारिंगी, हिरव्या तबकड्यांची अशी घड्याळे इंटरनेटवरून युरोप-अमेरिकेत थोडक्या किमतीत विकली जातात. कॅमी, रोमर, टिटोनी, फेवर ल्यूबा, सिको फाइव्ह आणि अलीकडे एचएमटी ही त्यांवर नेहमी दिसणारी नावे.

हे जमते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. अनेक स्विस कंपन्या स्वतः मशीन बनवत नसत. एएस, एफएचएफ यांसारख्या मोठ्या कारखान्यांकडून त्या मशीन घेत आणि त्यावर आपली तबकडी, आपली केस चढवत. एकच मशीन दहा नावांच्या घड्याळांत सापडते. त्यामुळे एका मोडक्या घड्याळाचे मशीन दुसऱ्याच नावाच्या तबकडीखाली सहज बसते, चालते आणि वेळही बरी दाखवते. एचएमटीच्या बाबतीत जनतेचे साधे मशीन काढून वर पायलटची काळी तबकडी चढवणे सोपे पडते. पायलटला भाव जास्त, म्हणून बाजारात पायलटही जास्त.

‘मुंबई स्पेशल’ बनवणाऱ्या कारागिरांना सरसकट लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. बंद पडलेले घड्याळ पुन्हा चालते करणे हे मोठे कसब आहे, आणि रोज वापरायला स्वस्त चावीचे घड्याळ हवे असलेल्याला त्यात काही गैर वाटू नये. तबकडी नवी आहे हे लपवून ‘ओरिजिनल, वापरलेलेच नाही’ अशी भलावण करत ते विकले जाते, तेथे फसवणूक होते. विकणाऱ्याने एवढे एक वाक्य खरे सांगितले असते, तर या संज्ञेला इतकी बदनामी आली नसती.

ही लबाडी स्वस्त घड्याळांपुरती नाही. ओमेगाचे १९५० च्या दशकातले एक स्पीडमास्टर नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनेव्हाच्या लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. घेणारी ओमेगाच होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झाले, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले होते. आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा यात हात असल्याचे कंपनीने म्हटले. बनवणाऱ्या कंपनीची ही गत, तर सामान्य गिऱ्हाइकाने एका कागदावर किंवा एका माणसाच्या शब्दावर विसंबू नये.

परीक्षण : पहिली नजर तबकडीवर टाकावी, तीही भिंगातून. मूळ छपाईतली अक्षरे रेखीव असतात, त्यांच्या कडा सरळ आणि शाईची जाडी सारखी. नव्याने छापलेल्या तबकडीवर अक्षरांचे पोट भरलेले दिसते, कडेच्या मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, सहाच्या खाली असणारी ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरे गायब असतात किंवा एका बाजूला कललेली असतात. तारखेच्या खिडकीची कडही पाहावी. रंग त्या कडेवरून आत ओघळला असेल, तर खिडकी कापल्यानंतर तबकडी रंगवली आहे.

अंधारात चमकणाऱ्या खुणा वयाचा चांगला पुरावा देतात. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ असेल, तर तेथे ट्रिटियम वापरलेले आहे. साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याचा वापर झाला. ट्रिटियम सुमारे १२.३ वर्षांत निम्मे होते. १९७२ चे म्हणून दाखवलेले घड्याळ आज अंधारात लख्ख चमकत असेल, तर त्या खुणा नंतर भरलेल्या आहेत. त्याआधीच्या घड्याळांत रेडियम असे. त्याची चमक विझलेली असली, तरी किरणोत्सर्ग चालूच असतो, कारण रेडियम निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. अशा घड्याळाची तबकडी घरी खरवडू नये, त्याच्या भुकटीवर फुंकर मारू नये. दुरुस्तीस देताना घड्याळजीला ‘हे रेडियमचे असू शकते’ असे आवर्जून सांगावे. वर्षानुवर्षे त्या टेबलावर वाकून बसणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचा हा प्रश्न आहे.

केस पाहताना पट्टा जेथे अडकतो ते शिंगासारखे चार कोपरे तपासावेत. वारंवार घासल्याने ते बारीक आणि गोलसर होतात, आणि एकदा गेलेला धातू परत येत नाही. प्लास्टिकच्या जुन्या काचेवरचे ओरखडे मात्र बिनधास्त घासून काढावेत, त्याने किमतीला धक्का लागत नाही. त्यानंतर मागचे झाकण उघडून घ्यावे. विकणारा झाकण उघडायला तयार नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. मशीनवरचे नाव आणि तबकडीवरचे नाव यांचा मेळ बसतो का, स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या आहेत का, कोठे गंज आहे का, हे साध्या डोळ्यांनाही दिसते. एचएमटीच्या जनतेचे मशीन सेकंदाला पाच ठोके देते, आजची बहुतेक उंची ऑटोमॅटिक घड्याळे आठ. यांत्रिक म्हणून दाखवलेल्या नव्या घड्याळाचा सेकंदकाटा दर सेकंदाला एकच उडी मारत असेल, तर आत बहुधा सेलचे मशीन आहे. चांगल्या घड्याळजीकडे ठोके मोजण्याचे यंत्र असते. बॅलन्सचे चाक पूर्ण चावीवर २७०-३०० अंशांपर्यंत फिरले तर मशीन तंदुरुस्त, २०० च्या खाली गेले तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करावा. जुने घड्याळ ‘वॉटरप्रूफ’ असल्याच्या शब्दावर विसंबून पाण्यात घालू नये.

नव्या काळातल्या महाग घड्याळांना आता कंपन्यांचीच हमी मिळू लागली आहे. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये प्रमाणित जुन्या घड्याळांची योजना सुरू केली. त्यात दोन वर्षांची हमी असते. भारतात इथॉस ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी प्रमाणित जुनी घड्याळे विकते. येथे किंमत जास्त पडते, पण पहिल्याच खरेदीला ती मोजणे शहाणपणाचे.

विक्री : वणीतल्या माणसाच्या वाट्याला घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याची भूमिका जास्त वेळा येते, म्हणून हा भाग महत्त्वाचा. घड्याळ डब्यातून काढले की पुसण्यापलीकडे त्याला काही करू नये. बंद असेल तर बंदच दाखवावे. वर्षानुवर्षे तेल न पडलेल्या मशीनला जोराने चावी दिली तर ते झिजते. मागच्या झाकणावर नाव, तारीख, ‘सप्रेम भेट’ असे काही कोरलेले असेल तर ते घासून काढू नये, घड्याळाच्या इतिहासाचा तो हाताशी असलेला पुरावा आहे. डबी, हमीपत्र, दुरुस्तीची चिठ्ठी, अगदी लग्नातला ते घातलेला फोटोसुद्धा सोबत ठेवावा.

त्यानंतर तबकडी, चारही बाजू, झाकण आणि शक्य तर उघडे मशीन यांचे स्पष्ट फोटो काढावेत. ते किमान दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवून भाव विचारावा. ‘ठेवून जा, उद्या सांगतो’ म्हणणाऱ्याकडे घड्याळ सोडू नये. दुरुस्तीस टाकतानाही मशीनचा फोटो जवळ असावा आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागावा. मूळ चावी किंवा मूळ काटे पाकिटात जपलेले असले, तरी भावात फरक पडतो.

फोनवरून सौदा ठरल्यास आणखी एक धोका येतो. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. तसे सांगणारा माणूस पैसे काढून घ्यायला बसलेला आहे. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्यावरच घड्याळ हातातून सोडावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

कायदा : चोरीचे घड्याळ अजाणतेपणी घेतले तरी त्याची मालकी मिळत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २७ चे सर्वसाधारण तत्त्व असे, की विकणाऱ्याकडे जो हक्क नाही तो घेणाऱ्याला मिळू शकत नाही. चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसे वाटण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. उंची घड्याळे किती लांबचा प्रवास करतात याचे उदाहरण आसामात दिसले. दिएगो मॅराडोनाचे दुबईतून चोरीला गेलेले हुब्लो घड्याळ डिसेंबर २०२१ मध्ये शिवसागर जिल्ह्यात पोलिसांना सापडले. म्हणून महाग घड्याळाचा अनुक्रमांक लंडनच्या ‘वॉच रजिस्टर’सारख्या चोरीच्या नोंदींत तपासून घ्यावा. साधी खरेदी असली तरी विकणाऱ्याचे ओळखपत्र, सही, तारीख, अनुक्रमांक आणि ‘तबकडी मूळची’ किंवा ‘तबकडी नवी’ असा स्पष्ट उल्लेख असलेली चिठ्ठी लिहून घ्यावी. पुढे वाद झाला तर हा उल्लेखच कामी येतो.

एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. कापसाचे किंवा जमिनीच्या मोबदल्याचे पैसे हातात असताना रोखीने मोठी खरेदी करण्याचा मोह होतो, तेव्हा हे आठवावे. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने १ टक्का कर गोळा करण्याची अधिसूचना २२ एप्रिल २०२५ रोजी निघाली. ‘बिल घेतले तर पूर्ण किमतीवर जीएसटी लागेल’ असे सांगून कच्च्या चिठ्ठीवर भागवणारे व्यापारी भेटतात. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट न घेता खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरण्याची सोय नियमांत आहे, तेव्हा ही सबब मानू नये. परदेशातून जुने घड्याळ परस्पर मागवणे टाळावे. भांडवली वस्तू सोडून इतर वापरलेल्या मालाची आयात परवान्याशिवाय करता येत नाही.

व्यापाऱ्याने फसवल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. हौशी मालकाने स्वतःचे एखादे घड्याळ विकले असेल, तर दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. ग्राहकाला तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे मुंबईच्या दुकानातून किंवा इंटरनेटवरून घेतलेल्या घड्याळासाठी वणीच्या ग्राहकाला मुंबई गाठावी लागत नाही. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा, आणि घड्याळ आहे त्याच स्थितीत, कोणालाही उघडू न देता ठेवावे.