मका साठवण : गोदामाचे झरोके कधी उघडावेत?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतो. भाववाढीच्या अपेक्षेने अनेक शेतकरी तो पत्र्याच्या गोदामात ठेवतात. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला बरोबर आहे, पण चुकीच्या वेळी आत घेतलेली हवा माल भिजवते. जहाजाच्या तळघरात धान्य नेतानाही हाच प्रश्न असतो. तिथला नियम गोदामातही उपयोगी पडतो.

घाम दोन प्रकारचा

- पत्र्याचा घाम : डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पत्रा गार पडतो. उबदार थप्पीतून वर येणारी वाफ पत्र्याखाली जमते आणि वरच्या गोण्यांवर ठिबकते.
- मालाचा घाम : थंडीत गार झालेल्या थप्पीवर अवकाळी पावसाची उबदार, दमट हवा आली की पाणी थेट मालावर जमते.

३ अंशांचा नियम

बाहेरील हवा मालापेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने थंड असेल तरच जहाजावर हवा आत घेतात. गोदामात थप्पीच्या आतील गोणीचे आणि बाहेर सावलीतील तापमान मोजावे.

- मका २८ अंश, बाहेर २० अंश : झरोके उघडावेत.
- मका २२ अंश, बाहेर ३० अंश : झरोके बंद ठेवावेत.
- पाऊस सुरू असताना : तापमान काहीही असो, बंद.

जहाजाचा प्रवास काही आठवड्यांचा, गोदामातील साठवण महिनोन्महिने चालते. त्यामुळे संपूर्ण पावसाळ्यात हा नियम लावू नये. सुका मका दमट हवेतून ओलावा ओढतो, म्हणून त्या काळात झरोके बंदच ठेवावेत.

साठवणीपूर्वी

- मका १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावा. हमीभाव खरेदीची १४ टक्क्यांची मर्यादा विक्रीसाठी आहे. दीर्घ साठवणीसाठी मका त्याहून सुका हवा.
- गोण्या लाकडी फळ्यांवर रचाव्यात. भिंतीपासून दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. थप्पी पत्र्याला टेकू देऊ नये.
- दर पंधरवड्याला वरच्या थरातील गोणीत हात घालून पाहावा. ऊब, कुबट वास किंवा गठ्ठे आढळल्यास त्या गोण्या लगेच वेगळ्या कराव्यात.

झरोके उघडल्याने ओला मका वाळत नाही. बुरशी लागलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते आणि नंतर उन्हात वाळवूनही ते जात नाही. असा मका जनावरांना किंवा कोंबड्यांना खाऊ घालू नये.