लिव्हरपूलचा भाव



परदेशातील बाजारभाव रोज सकाळी वाचण्याची सवय आपल्याकडे अलीकडची समजली जाते. मी तिचे मूळ १८६१ ते १८६५ या काळातील कापसाच्या तेजीत शोधतो.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवले. आपल्या शेजारच्या धारवाड-हुबळी भागातील कापूस कुमठा बंदरातून जाई. लिव्हरपूलच्या बाजारात त्या जातीला ‘कुमठा’ हेच नाव पडले होते. आपल्या परिसरातील एका लहानशा बंदराचे नाव इंग्रज दलालांच्या तोंडी असावे, याचे मला आजही नवल वाटते.

लिव्हरपूलचा भाव मुंबईत पोहोचे तो टपालाच्या आगबोटीने, सुमारे महिनाभर शिळा होऊन. त्या शिळ्या भावावर बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर शेअर चढत. बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांच्या घरात भाव आला. बहुतेक सौदे वायद्याचे होते, आणि पुष्कळांची मुदत होती १ जुलै १८६५.

त्याच वर्षाच्या आरंभी इराणच्या आखातातून टाकलेल्या तारेने हिंदुस्थान इंग्लंडशी जोडला गेला. शांततेच्या वार्तांनी भाव आधीच डळमळले होते. ९ एप्रिलला जनरल ली शरण गेले आणि ती बातमी येताच बाजार कोसळला. १ जुलैला देणेकरी पुष्कळ होते, देणारा विरळा. पुढे १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेचेही दिवाळे वाजले.

दिनशा वाच्छा यांनी ही हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. पण ती मुंबई शहराची. मला अधिक गंभीर वाटतो तो बातमी कोणाला मिळाली, हा प्रश्न. माझ्या मते भाव चढल्याचे कुणब्याला कळले ते सावकाराच्या सैल हाताने, आणि उतरल्याचे त्याच्या तगाद्याने. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. वाढलेला शेतसारा आणि तेजीनंतर आवळलेली पत ही त्या दंग्यांची प्रमुख कारणे मानली जातात. दोनच महिन्यांनी, जुलै १८७५ मध्ये, मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संस्था स्थापन केली.