परळचे इस्पितळ आणि तेथील संशोधक वैद्य

ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या भागांतील जुन्या मंडळींच्या तोंडी ‘परळला नेले आहे’ एवढेच वाक्य पुरेसे असे. ऐकणारा पुढचे काही विचारीत नसे. दुखणे गावच्या डॉक्टरांच्या आटोक्याबाहेर गेले की रोग्याला गाडीत घालून दादर वा परळ स्टेशन गाठावयाचे आणि तेथून के. ई. एम. रुग्णालय, हा मार्ग आपल्या किती ज्ञातिबांधवांच्या घरांनी तुडविला असेल ह्याची गणती नाही. परंतु ज्या वास्तूच्या व्हरांड्यात आपण सतरंजी पसरून रात्री काढल्या, तिच्या आतील प्रयोगशाळांत काय घडत होते ह्याची वार्ता आपणापर्यंत क्वचितच पोहोचली. ती थोडीशी येथे द्यावी असा आमचा मानस आहे.

हे रुग्णालय व त्यास जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही 1926 साली मुंबई महानगरपालिकेच्या व्यवस्थेखाली सुरू झाली. त्या काळी ग्रँट मेडिकल कॉलेजातील वरिष्ठ जागांवर सरकारी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांचे वर्चस्व असे. गोरधनदास शेठजींच्या विश्वस्तांनी देणगी देताना अटच अशी घातली की, येथील अध्यापक हे सरकारी नोकरीत नसलेले, योग्य पात्रतेचे हिंदी गृहस्थच असावेत. पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता झाले; पुढे 1960 साली तेच गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. ‘हिंदी माणसाला संशोधन जमावयाचे नाही’ ह्या समजुतीस उत्तर देणे ही ह्या संस्थेची जन्मापासूनची जबाबदारी होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. (कल्याणच्या वाचकांना येथे आपल्या गावच्या लेकीचे स्मरण होईलच. 1865 साली कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांनी 1886 साली फिलाडेल्फियास एम. डी. पदवी घेतली, ती हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्या गेल्या.)

विकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी येथे पाया घातला व 1941 साली ते जवळच्याच टाटा स्मारक रुग्णालयात गेले. कर्करोग व महारोग हे त्यांचे विषय. डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण येथील रोग्यांवर पद्धतशीरपणे पडताळून 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. मुळी आपल्या वैद्यांच्या बटव्यातील. परंतु किती रोग्यांचा दाब किती उतरला हे मोजून लिहिले, तेव्हाच पाश्चात्य जगाने कान टवकारले. 1957 साली त्यांस अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला. डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी 1968 च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानातील पहिले हृदयारोपण येथेच केले. रोगी काही तासच जगला, आणि त्यामुळे त्या धाडसाची जेवढी आठवण राहावयास हवी होती तेवढी राहिली नाही, असे आम्हांस वाटते. पुढे डॉ. शरदिनी डहाणूकर व शल्यविशारद डॉ. रवी बापट ह्यांनी आपल्या कुंपणावर चढणाऱ्या गुळवेलीचा उपयोग अवरोधजन्य काविळीच्या रोग्यांत तपासून पाहिला. तो निबंध 1993 सालचा.

परंतु आपल्या घराघराशी ज्याचा संबंध पोहोचतो ते संशोधन निराळेच. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया ह्यांना मुंबईत तीन व्यक्तींचे रक्त असे आढळले की, ते ज्ञात असलेल्या कोणत्याच गटात बसेना. साध्या तपासणीत ते ‘ओ’ दिसे. पण ‘ओ’ गटाचे रक्त त्याच्याशी मिळवावे तर गुठळ्या होत. लंडनच्या रेस, सँगर आदी तज्ज्ञांच्या सहकार्याने हा शोध त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. 1955 साली अमेरिकेत लेव्हिन ह्यांनी अशाच एका कुटुंबाचा अभ्यास करताना त्यास ‘बॉम्बे’ हे नाव दिले, आणि शहराचे नाव 1995 साली पालटले तरी रक्ताचे नाव तेच राहिले आहे.

ह्यातील मर्म असे. ‘ए’ व ‘बी’ ही दोन्ही द्रव्ये ‘एच’ नावाच्या मूळ द्रव्यावर तयार होतात. ‘ओ’ गटात ते ‘एच’ तसेच राहते. बॉम्बे गटाच्या माणसात ‘एच’च नसते. म्हणून त्याचे रक्त ‘ए’, ‘बी’ आणि ‘ओ’ ह्या तिन्ही गटांस शत्रू मानते. त्यास ‘ओ’ची बाटली लावली तर जीवावर बेतते, चालते ते केवळ बॉम्बे गटाचेच रक्त. ह्याहून नाजूक गोष्ट अशी की, अशा मनुष्याच्या ठायी ‘ए’ वा ‘बी’चे बीज झाकलेले असू शकते व ते अपत्यात प्रकट होते. कागदावर ‘ओ’ असलेल्या आईचे मूल ‘एबी’ निघाले की घरात काय काय बोलले जाते, ते सुज्ञांस सांगणे नलगे. एका निर्दोष स्त्रीची अब्रू ह्या शोधाने वाचू शकते.

भाटिया व साठे ह्यांनी 1974 साली मुंबईतील प्रमाण सुमारे 7,600 माणसांत एक असे दिले. युरोपात ते दहा लाखांत एक इतके विरळ आहे. हा दोष अपत्यात उतरण्यास आई आणि बाप दोघांकडूनही ते सुप्त बीज यावे लागते. दोघे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास चारांत एक संभव. जवळच्या नात्यात सोयरीक झाली की अशी दोन बीजे एकत्र येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानण्याची आपल्याकडील चाल किती घरांत होती, हे वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे. आम्ही जुन्या चालीरीतींचे निंदक नव्हे. परंतु ज्ञातीतल्या ज्ञातीत आणि त्यातही चार घराण्यांच्या आत फिरणाऱ्या सोयरिकींचा हिशेब ज्ञातिसंस्थेने मांडावयाचा नाही तर कोणी?

ओळख पटविणे कठीण नाही. रक्तपेशींबरोबर रक्तद्रवाचीही उलट तपासणी केली म्हणजे तो ‘ओ’ पेशींच्या गुठळ्या करतो व भेद उघड होतो. यूलेक्स नावाच्या काटेरी विलायती झुडुपाच्या बियांचा अर्क ‘एच’ ओळखण्याच्या कामी येतो, ही गंमतीची गोष्ट. 1957 साली सुरू झालेले रक्तगट संदर्भ केंद्र पुढे राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून वाढले. तिचे ठिकाण के. ई. एम.च्याच आवारातील बहुमजली इमारतीत, तेराव्या मजल्यावर.

आमच्या वधूवर नोंदवहीत रक्तगटाचा रकाना आहे. यंदा ती चाळीत असता ‘ओ’ लिहिलेल्यांपैकी कित्येकांनी तो शाळेच्या ओळखपत्रावरून उतरविल्याचे आढळले. म्हणून पुढील आवृत्तीपासून त्या रकान्याशेजारी दोन नवे रकाने छापण्याचे कार्यकारी मंडळाने ठरविले आहे : तपासणी कोणत्या रक्तपेढीत झाली, आणि उलट तपासणी झाली की नाही.