बोसांच्या नगरीतून एका अदृष्टाचा शोध

सत्येंद्रनाथ बोस हे कलकत्त्याचे. १९२४ साली ढाक्याहून त्यांनी प्रकाशकणांच्या गणनेवरील आपला छोटासा निबंध आइन्स्टाइनकडे धाडला, आणि आइन्स्टाइनने स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. त्या गणनेस अनुसरणाऱ्या कणांना पुढे डिराकने ‘बोसॉन’ हे नाव दिले. उरलेले फर्मीच्या नावाने ‘फर्मिऑन’ झाले. यच्चयावत मूलकणांची ही दोन गोत्रे होत.

या गोत्रांचा सोयरसंबंध जुळविणारी कल्पना म्हणजे अतिसममिती. १९७४ मध्ये वेस व झुमिनो यांनी तिला चांगले रूप दिले. प्रत्येक बोसॉनला एक फर्मिऑन जोडीदार असावा, आणि प्रत्येक फर्मिऑनला एक बोसॉन, असे ती सांगते.

जोडीदार शोधावा कसा? आम्हां कचेरीतल्या माणसांना ही रीत चटकन उमजावी, कारण ती जमाखर्चाची आहे. जिनीव्हाजवळ २७ किलोमीटर परिघाच्या भुयारात प्रोटॉनांच्या टकरी होतात. टकरीपूर्वी आडव्या दिशेचा संवेग जवळजवळ शून्य असतो. नंतरची बेरीजही तितकीच यावयास हवी. ती न आली तर काहीतरी न दिसता निसटले. (न्यूट्रिनोही असाच निसटतो, त्यामुळे प्रत्येक तुटीचा कसून हिशेब घ्यावा लागतो.)

या शास्त्रावरील एक भारदस्त ग्रंथ २००४ मध्ये निघाला. त्याच्या तीन लेखकांत पुण्याच्या रोहिणी गोडबोले होत्या आणि प्रबीर राय होते. राय हे मुंबईच्या टाटा संस्थेतले. पुढे ते येथील साहा संस्थेत आले. मराठी-बंगाली सहकार्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही. सत्कार समारंभांतील भाषणांपेक्षा तर ते खासच सरस आहे.

२०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला. जोडीदार मात्र एकही नाही. ग्लुइनो असलाच, तर सरळ गृहीतकांनुसार तो प्रोटॉनच्या २,००० पटींहून जड असला पाहिजे, एवढे ठरले. हे ठरणे आम्ही अपयशात जमा करीत नाही. पण ज्यांनी आयुष्य वेचले त्यांना ते पुरेसे वाटले असेल काय? गोडबोले ऑक्टोबर २०२४ मध्ये निवर्तल्या. विधाननगरातील साहा संस्थेची मंडळी जिनीव्हाच्या सी.एम.एस. प्रयोगात सहभागी आहेत, आणि त्या प्रयोगातील तुटीची तपासणी चालूच आहे.