दरफाळणीचा सण

उंब्रजचा मारुति हा समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक, आणि चाफळ तेथून जवळच. त्या मुलखांत ‘अनुताप’ हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. करुणाष्टकांनीं तो घरोघरीं नेऊन पोंचविला आहे. परंतु सह्याद्रीपलीकडे, आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मराठीच बोलणाऱ्या एका लहानशा यहुदी समाजानें हाच अनुताप शतकानुशतकें निराळ्या वाटेनें जपला, हें घाटावर फारसें ठाऊक नसतें. तो समाज म्हणजे बेने इस्रायल. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून गांवकरी त्यांना शनिवार तेली म्हणत.

यहुदी धर्मांत प्रायश्चित्ताचें जुनें रूप बलिदानाचें होतें. वर्षांतून एकदां यरुशलेमच्या मंदिरांत दोन बकरे आणीत. महायाजक एकाचा बळी देई. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून लोकांच्या पापांचा उच्चार करी आणि त्याला रानांत सोडून देववी. मात्र बकरा गेला म्हणजे पापहि गेलें, इतका स्वस्त हिशेब त्या धर्मांतील विचारी पुरुषांना कधींच मान्य नव्हता. मंदिर उभें असतांनाच होशेय व यशया या संदेष्ट्यांनीं कोरड्या मनानें दिलेल्या बळींचा धिक्कार केला होता. इ. स. 70 मध्यें रोमनांनीं तें मंदिर जाळलें, आणि वेदीच उरली नाहीं. तिच्या भग्नावशेषांपुढें शोक करणाऱ्या शिष्याला योहानान बेन जक्काई यांनीं सांगितलें कीं, दयेचीं कृत्यें हेंहि तितकेंच मोठें प्रायश्चित्त होय. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेनें तर आणखी एक कठोर अट घातली: देवाचा अपराध त्या दिवसाच्या व्रतानें फिटेल, पण शेजाऱ्याचा अपराध शेजाऱ्याची समजूत घातल्यावांचून फिटावयाचा नाहीं.

इतर यहुद्यांजवळ निदान ग्रंथ राहिले. कोंकणांतल्या या लोकांची परंपरा सांगते कीं, नवगांवजवळ गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि पोथ्या समुद्रांत गेल्या. स्मरणांत राहिली ती ‘शेमा’ ही प्रार्थना, शनिवारचा विसावा, सुंता आणि कांहीं सण. तेहि मराठी नांवांनीं. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते ‘दरफाळणीचा सण’ म्हणत. दरफाळणी म्हणजे दारें लावून घेणें. पांढरीं वस्त्रें नेसून, उपवास करून सारें घर त्या दिवशीं बंद दाराआड बसे. दुसऱ्या दिवशीं ‘शिळा सण’. तेव्हां दानधर्म होई. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या व 1937 मध्यें तेल अवीव येथें छापलेल्या इतिहासांत या चालीरीतींची नोंद आहे.

त्याच दिवसाच्या हिब्रू उपासनेंतील शेवटच्या प्रार्थनेचें नांव ‘नेइला’. त्याचाहि अर्थ दार लावणें असाच. एवढ्यावरून परंपरेचा धागा सिद्ध करण्याची घाई करूं नये. पण ग्रंथ हातीं नसतां या माणसांनीं जें राखलें तें नेमकें बलिविधीच्या गाभ्यांतलें होतें, इतकें खरें.

उद्धाराची आसहि अशीच राहिली. मसीहाच्या येण्याची वर्दी देणारा संदेष्टा एलियाहू हा या समाजाचा नवसाला पावणारा रक्षक झाला. अलिबागेजवळ खंडाळें येथील एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. नवस फेडतांना तेथें मलिदा करितात: गोड पोहे, नारळ आणि फळें. जुन्या मंदिरांतहि ज्याला पक्ष्यांची जोडीसुद्धां परवडत नसे, त्याचें मूठभर पीठ पापार्पण म्हणून स्वीकारीत.

1796 मध्यें सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत या समाजाचें पहिलें सभास्थान बांधलें. टिपूच्या कैदेंतून सुटल्याबद्दलचा तो नवस होता, असें सांगतात. त्याचें नांव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार. 1948 नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलला गेलीं. दरफाळणी हें नांव तिकडे मागें पडलें. मलिद्याचें ताट मात्र तेथेंहि मांडलें जातें.