टेप ड्राइव्ह एक, कॉम्प्युटर दहा: जुन्या युनिक्सवर बॅकअप कसा घेत?

फोन हरवला तरी फोटो क्लाउडवर असतात, म्हणून आपण निवांत असतो. १९८०च्या दशकात बॅकअप म्हणजे मॅग्नेटिक टेप, आणि टेप ड्राइव्ह ही महागडी वस्तू. त्यामुळे एखाद्या लॅबमध्ये दहा युनिक्स कॉम्प्युटर असले तरी ड्राइव्ह एखाद्यालाच जोडलेला असे. बाकीच्या नऊ मशीनचं काय?

उत्तर आलं अमेरिकेतल्या बर्कलीहून. १९८३च्या '४.२ बीएसडी' या युनिक्समध्ये 'आरएमटी' नावाचा छोटासा प्रोग्रॅम होता. नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचा टेप ड्राइव्ह वापरायचा, एवढंच त्याचं काम.

हे चालतं कसं?

ज्या मशीनला ड्राइव्ह आहे तिथे आरएमटी चालतो. दुसऱ्या मशीनवरचा बॅकअप प्रोग्रॅम त्याला एकेका अक्षराचे हुकूम पाठवतो. 'ओ' म्हणजे ड्राइव्ह उघड, 'डब्ल्यू' म्हणजे इतके बाइट लिही, 'आर' म्हणजे वाच, 'सी' म्हणजे बंद कर. काम झालं तर उत्तरात 'ए' आणि एक आकडा येतो, फसलं तर 'ई' आणि एररचा नंबर. बस्स, इतकंच! इतकं सोपं असल्यामुळेच 'आरडंप'पासून 'टार'पर्यंत बरेच प्रोग्रॅम ही भाषा शिकले.

खरी गंमत (की डोकेदुखी?) टेपच्या नावात

सन कंपनीच्या जुन्या वर्कस्टेशनवर एकाच ड्राइव्हला दोन नावं असत: 'आरएसटी०' आणि 'एनआरएसटी०'. पहिलं नाव वापरलं तर काम संपल्यावर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसरं वापरलं तर टेप आहे तिथेच थांबते.

आता समजा, एकाच टेपवर तीन मशीनचा बॅकअप घ्यायचाय आणि तुम्ही चुकून पहिलं नाव दिलंत. दुसऱ्या मशीनचा डेटा पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जाणार, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या. एरर येत नाही. तिन्ही वेळा 'काम झालं' असंच दिसतं. कळतं ते डिस्क बिघडल्यावर, टेप वाचायला घेतल्यावर. म्हणून अनुभवी अॅडमिन बॅकअप झाल्यावर टेप वाचूनही बघत.

दुसरी अडचण वेगाची. टेपला सलग धावायला आवडतं. नेटवर्कवरून डेटा रखडत आला की ती थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा पळते. बुटाला पॉलिश करताना कापड पुढे-मागे फिरतं ना, तसंच. म्हणून याला 'शू-शायनिंग' म्हणतात. वेळ जातोच, टेपही झिजते. टार साधारणपणे एका वेळी १०,२४० बाइटचा तुकडा लिहितो. तो मोठा केला की त्रास कमी होतो, मात्र तो आकार टेपच्या लेबलवर लिहून ठेवलेला बरा.

आणि सुरक्षा?

ती जवळपास नव्हतीच. आरएमटी सुरू होई 'आरएसएच'मधून, आणि 'या मशीनवर विश्वास आहे' अशी एका फाइलमध्ये नोंद असली की पासवर्ड लागत नसे. शिवाय डेटा तारेतून उघडाच जाई. नोव्हेंबर १९८८मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने असल्या विश्वासाचाही फायदा घेतला होता. पुढे आरएसएचची जागा एन्क्रिप्शनवाल्या 'एसएसएच'ने घेतली. जुनं मशीन आजही चालवायचंच असेल आणि त्यावर एसएसएच नसेल, तर ते इंटरनेटपासून तोडलेल्या वेगळ्या नेटवर्कवरच ठेवा.

टेप मात्र अजून गेलेली नाही. फेब्रुवारी २०११मध्ये एका बगमुळे काही जीमेल खाती रिकामी झाली, तेव्हा गुगलने मेल परत आणले ते टेपवरूनच.

आरएमटीची एक खूण तर आजच्या लिनक्सवरही सापडते. जीएनयू टारला आर्काइव्हच्या नावात कोलन दिसला, तर कोलनच्या आधीचा भाग तो दुसऱ्या मशीनचं नाव समजतो. म्हणजे 'बॅकअप-१०:३०' अशा नावाने फाइल बनवायला जाल, तर तो 'बॅकअप-१०' नावाचं मशीन शोधत बसेल! अशा वेळी 'फोर्स-लोकल' हा पर्याय द्यायचा, किंवा सरळ नावातला कोलन काढून टाकायचा.